भिंतीवरचे दोन मिशीवाले

पूर्णेला आम्ही भाड्याची खोली शोधत हिंडत होतो, तेव्हा घरमालक लोक जे जे विचारतात ते सगळं आम्हाला विचारून झालं होतं. जात कुठली, मटण शिजवता का, गावाकडून पाहुणे किती येतात, नवरा रेल्वेत आहे तर वेळीअवेळी फाटक वाजवणार का. उत्तरं देऊन देऊन माझं डोकं उठलं होतं. त्यात सरांचं घर शेवटचं.

सर ओसरीत खुर्चीवर बसले होते. अंगात बनियन, गळ्यात दोरीला बांधलेला चष्मा. माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. माझ्या नवऱ्याला म्हणाले, "लहानपणी कुणाला उचलून घेतलं होतं का?"

नवरा गडबडला. "उचलून म्हणजे?"

"कडेवर. धाकटा भाऊ, बहीण, चुलत, मावस. कुणीही चालेल."

"धाकट्या बहिणीला घ्यायचो की. लय रडायची ती."

"किती दिवस?"

"चालायला लागेपर्यंत."

"ठीक आहे. वरची खोली तुमची. भाडं काकूंना विचारा." एवढं बोलून सरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि पेपर उघडला. मुलाखत संपली. आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो, तेवढ्यात आतून काकू हात पुसत आल्या आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "भिऊ नका बाई. मानूस चांगला हाय. डोस्क्यात तेवढं माकड हाय."

माकड डोक्यात होतं तसं भिंतीवरही होतं. बैठकीच्या खोलीत देवांच्या तसबिरींखाली दोन फोटो शेजारी शेजारी लावलेले. एकात सरांचे वडील, आण्णा. डोक्याला फेटा, ओठांवरून खाली उतरलेल्या पांढऱ्याशुभ्र मिशा, आणि फोटो काढणाऱ्याने काही अपराध केल्यासारखी नजर. दुसऱ्यात टॅमरिन. दक्षिण अमेरिकेतल्या घनदाट पावसाळी जंगलात झाडांवर राहणारं, जेमतेम अर्ध्या किलोचं माकड. शेपूट अंगापेक्षा लांब, आणि ओठांवरून थेट छातीपर्यंत लोंबणाऱ्या पांढऱ्याशुभ्र मिशा. दोन्ही फोटोंना एकसारखी चौकट होती आणि दोघांच्या मिशांचा झोक एकच. खोलीत अंधुक उजेड असला की माणसं फसायची. पितृपक्षात शेजारच्या मावशी आल्या होत्या, त्यांनी श्रद्धेने दोन्ही फोटोंना हार घातला, गंध लावलं, आणि टॅमरिनकडे बघून विचारलं, "हे थोरले का?"

"हो," सर म्हणाले, "बरेच थोरले."

काकूंनी कपाळावर हात मारून घेतला. पण हार काढायचं धाडस त्यांनाही झालं नाही. तो सुकून गळेपर्यंत माकडाच्या गळ्यात राहिला.

सर पूर्णेच्या एका शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले होते. टॅमरिन त्यांनी जन्मात प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं. परदेश सोडा, सरांची मजल हैदराबादच्या पुढे गेली नव्हती. पण शाळेत असताना पचनसंस्था शिकवायला घेतली तरी तास संपेपर्यंत ते अ‍ॅमेझॉनच्या जंगलात पोचलेले असायचे. स्टेशन रोडवरचा भाजीवाला त्यांचा विद्यार्थी. तो मला वांगी तोलता तोलता म्हणाला होता, "बोर्डाला माकडावर एक बी प्रश्न आला न्हाई ताई. गणितात मी उडालो. पर लेकरू संभाळायला आपल्याला येतंय."

कारण सरांच्या टॅमरिनचं सगळं सार एका गोष्टीत होतं. टॅमरिनीला बहुधा जुळं होतं. दोन पिल्लं मिळून आईच्या मानाने बरंच ओझं. ती दूध पाजते आणि पिल्लं बापाच्या पाठीवर देऊन टाकते. मग दिवसभर बाप ती घेऊन झाडावरून झाडावर. बाप दमला तर मोठी भावंडं घेतात, टोळीतले इतर नर घेतात. पिल्लाला भूक लागली की ते पुन्हा आईकडे, पोट भरलं की पुन्हा पाठीवर. आणि यातला सरांचा सगळ्यांत आवडता भाग असा, की ज्या टॅमरिनला लहानपणी धाकटी भावंडं उचलायला मिळाली नाहीत, त्याला पुढे स्वतःची पिल्लंही नीट सांभाळता येत नाहीत. उचलणं रक्तात नसतं, शिकावं लागतं, असं सर बोट वर करून सांगायचे. आमची खोली या नियमावर पास झाली होती.

जगातले सगळे पुरुष सरांनी दोन ढिगांत वाटून टाकले होते. एक टॅमरिन, दुसरा हुप्प्या. आमच्या गच्चीवर वानरांची टोळी यायची. तिच्यातला धिप्पाड नर, म्हणजे हुप्प्या, टाकीवर बसून जांभया द्यायचा आणि माद्या पिल्लं पोटाशी धरून उड्या मारायच्या. शनिवारी गल्लीतल्या बायका त्यांना फुटाणे टाकायच्या. सर काठी घेऊन धावायचे. "मादीला खाऊ घाला," ते ओरडायचे, "त्या गुंडाला कशाला? त्यानं काय केलंय?" हे सगळं मारुतीच्या देवळासमोर, शनिवारी. गल्लीने सरांना वाळीत टाकलं नाही, याचं श्रेय काकूंच्या पुरणपोळ्यांना द्यायला पाहिजे. त्या दर सणाला घरोघर जायच्या.

गल्लीत कुणाच्याही घरचं भांडण सरांकडे आलं की निकाल एका शब्दात लागायचा. "हुप्प्या आहे." किंवा क्वचित, फारच क्वचित, "टॅमरिन आहे, संसार कर त्याच्याशी." देशातल्या पुढाऱ्यांबद्दलही त्यांचं हेच माप होतं, आणि त्यात टॅमरिन मला एकही आठवत नाही.

संध्याकाळी ते गच्चीवर जायचे आणि तोंडाने बारीक, लांब शिटी घालायचे. मोबाइलवर व्हिडिओ बघून टॅमरिनची हाक त्यांनी पाठ केली होती. टोळीतलं कुणी लांब गेलं की बाकीचे असं बोलावतात म्हणे. पूर्णा जंक्शनवर गाड्यांचे भोंगे, खाली गल्लीतली कुत्री, आणि मध्ये सरांची शिटी. नवीन भाडेकरू विचारायचे, सरांचं काही हरवलंय का. काकू म्हणायच्या, "व्हय. पन ते काय हरवलंय ते इचारू नका."

मी तेव्हा हे सगळं हसण्यावारी न्यायची. माझा नवरा टॅमरिन ठरल्यामुळे भाडं वाढत नव्हतं आणि पाणी वेळेवर मिळत होतं, एवढ्यात माझं समाधान होतं. पुढे आमची बदली झाली, मला मुलगा झाला, तेव्हा सरांचा फोन आला तो नवऱ्याला. "अभिनंदन. वजन किती?" नवऱ्याने बाळाचं वजन सांगितलं. "बाळाचं नाही हो. तुमचं." पिल्लू होण्याआधी होणाऱ्या बापाचंच वजन वाढतं, पुढच्या ओझ्याची तयारी म्हणून. टॅमरिनांत तसं दिसलंय, असं त्यांचं म्हणणं. नवऱ्याचं खरंच वाढलं होतं, पण ते माझ्या डोहाळजेवणात तोच जास्त जेवल्यामुळे. दोन वर्षांनी बदली पुन्हा पूर्णेला झाली आणि आम्ही सरांच्याच वरच्या खोलीत परत आलो.

सरांना एकच मुलगी, शुभा. तिचं स्थळ मानवतचं, घरची कापसाची आडत. मुलाकडचे बघायला आले तेव्हा सरांनी मुलाकडे ढुंकूनही बघितलं नाही. त्यांची नजर मुलाच्या वडिलांवर खिळली होती. आडतवाल्यांना ओठांवरून खाली आलेल्या भरघोस पांढऱ्या मिशा. सर एकदा त्यांच्याकडे बघायचे, एकदा भिंतीकडे. चहा होण्याआधीच आत येऊन काकूंना म्हणाले, "स्थळ चांगलं आहे." शुभाने हे मला स्वतः सांगितलं. वर म्हणाली, "नशीब, मिशा सासऱ्याच्या होत्या. सासूच्या असत्या तरी हो म्हणले असते." टॅमरिनांत मादीलाही मिशा असतात, हे तिला लहानपणापासून पाठ होतं.

तर या शुभाला दिवस गेले, आणि डॉक्टरांनी सांगितलं, जुळं आहे.

सरांचा आनंद मी शब्दांत सांगू शकत नाही. आयुष्यभर भिंतीवर टांगलेलं सगळं आता घरात घडणार होतं. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून शुभा पूर्णेला आली. काकूंनी बाभळीचा डिंक आणून तळला, खोबरं-खारीक घालून लाडू वळले. सरांनी डबा पाहिला आणि विचारलं, "जावईबापूंचे कुठले?"

"कशाचे?"

"लाडू. टॅमरिन झाडाचा डिंकही खातो. उचलायचं त्याला आहे."

काकूंनी उलथनं उगारलं. पण लाडू गेले. मानवतला, एस.टी.तून, डब्यात भरून, जावयासाठी. तिथे आडतीवर आठवडाभर त्यावर हसू चाललं होतं, असं नंतर कळलं.

परभणीच्या दवाखान्यात शुभाला मुलगी आणि मुलगा झाला. सिझर झालं, शुभा फार अशक्त झाली. उठून बसायलाही कुणाचा तरी हात लागायचा. जावई बाळं बघायला म्हणून दोन दिवसांसाठी आला. साधा, मान खाली घालून बोलणारा मुलगा. सरांनी त्याची पिशवी आत नेऊन कपाटात ठेवली आणि कपाटाला कुलूप लावलं. "सध्या जिनिंग बंद, मोंढा थंड. तिथे काय काम आहे तुम्हाला? राहा."

जावयाने सासुरवाडीला मुक्काम ठोकायचा म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. गल्लीत "घरजावई आला" सुरू झालं. पण त्या पोराने दोनच दिवसांत लाज सोडली. काकूंच्या जुन्या मऊ लुगड्याची झोळी छातीशी बांधून तो दोन्ही लेकरं घेऊन गच्चीवर फिरायचा. दूध प्यायला शुभाकडे, प्यायलं की परत झोळीत. शुभाला सलग झोप मिळायला लागली, तिच्या चेहऱ्यावर रंग आला. सर खाली खुर्चीवर बसून सूचना द्यायचे. "डावं खांद्यावर घ्या. ढेकर काढा. चाल लयीत ठेवा, लयीत."

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात यायला लागली. सर स्वतः बाळांना हात लावत नव्हते. कधी कंबर धरली होती, कधी हात ओले होते, कधी चष्मा सापडत नव्हता. एकदा काकू दोन्ही लेकरं घेऊन उभ्या होत्या आणि दूध उतू चाललं होतं, तर सरांनी धावत जाऊन गॅस बंद केला. लेकरू नाही घेतलं.

दुपारी लंगोट वाळत घालताना मी काकूंना विचारलंच. काकूंनी दोरीवर चिमटा लावला आणि अगदी सहज सांगितलं.

"आमी चुडाव्याला ऱ्हायचो, एकत्रात. ह्ये रोज गाडीनं शाळंला यायचे. मामंजी दिवसभर ओसरीवर. त्यांच्यापुढं आपलं लेकरू उचलायचं म्हंजे बेशरमपना. दुसऱ्याचं उचला, खुशाल उचला. आपलं न्हाई. बायकूचं कवतिक केल्यावानी दिसतंय म्हनं. अन् ह्ये घरात शेंडेफळ, ह्यांना समद्यांनी उचललेलं, ह्यांनी कुनाला उचलावं? शुभी रडायची, ह्ये दारात हुबे ऱ्हायचे. नुसते बघत. मामंजी खोकले की बाजूला."

"आणि नंतर?"

"मामंजी गेले तवा शुभी सहा वर्षांची. तेरावा झाला, पावनेरावने गेले, तवा ह्यांनी हात पुढं केले. ये म्हनले. पोरगी म्हनली, बाबा, मला चालता येतंय की." काकूंनी पुढचा लंगोट झटकला. "मंग त्ये माकड आनलं घरात. मामंजीच्या शेजारी टांगलं."

त्या दिवसापासून त्या दोन फोटोंकडे बघून मला हसू यायचं बंद झालं.

सव्वा महिन्याने बारसं ठरलं, आणि बारसं झालं की शुभा मानवतला जाणार होती. आदल्या दिवशी ती मला म्हणाली, "वहिनी, हे इथं उचलतेत. तिथं मामंजींपुढं उचलतील का? न्हाई उचललं तर दोघं माझ्या एकटीच्या अंगावर. सासूबाईंचे गुडघे गेलेत. मी काय करू सांगा." मी म्हटलं, उचलेल गं. पण माझाही भरवसा नव्हता.

बारशाच्या दिवशी घर बायकांनी भरलं होतं. दोन पाळणे सजवलेले. जावई झोळी बांधून, दोन्ही लेकरं घेऊन, बायकांच्या थट्टेला हसत ओसरीत उभा होता. तेवढ्यात दारात जीप थांबली. आडतवाले उतरले. पांढरेशुभ्र कडक कपडे, त्या मिशा.

जावयाने कधी झोळी सोडली ते कुणाला दिसलंसुद्धा नाही. दोन्ही लेकरं पाळण्यात पडली होती आणि तो वडिलांच्या पाया पडत होता. हात मोकळे, मान खाली. लेकरांची झोप मोडली. आधी मुलगी रडायला लागली, मग मुलगा. शुभाने नवऱ्याकडे बघितलं. त्याने पायाच्या अंगठ्याकडे बघितलं.

सर उभे राहिले. मला वाटलं, आता टॅमरिन. आणि तोच सुरू झाला. जंगल, जुळं, बापाची पाठ, टोळी. आडतवाल्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता. मिशीवरून हात फिरवून म्हणाले, "सर, तुमचं समदं खरं. माकडाची काय बी रीत असंल. पन वडीलधाऱ्यापुढं आपलं लेकरू घ्यायचं, ही आमच्यात रीत न्हाई. तुमी घेतलं व्हतं का तुमच्या वडलापुढं?"

त्यांनी हे टोचून विचारलं नव्हतं. खरंच विचारलं होतं.

सरांनी भिंतीकडे बघितलं. पाळण्यातली लेकरं रडत होती.

"न्हाई," सर म्हणाले. एरवी मास्तरी भाषेत बोलणारा माणूस. "न्हाई घेतलं. ते गेल्यावर घ्यायला गेलो तर ही म्हनली, मला चालता येतंय."

शुभाला हे आठवत नव्हतं. तिचा चेहरा मी पाहिला, तिला ते आत्ता पहिल्यांदा कळत होतं. ती हळूच वाकली, एक हात टाक्यांवर ठेवून, पाळण्यातून मुलीला उचललं आणि सरांपुढे येऊन उभी राहिली.

"घ्या बाबा."

"कंबर..."

"कंबरंला काय झालेलं न्हाई तुमच्या. घ्या."

आणि सरांनी लेकरू घेतलं. उचलण्यावर जन्मभर व्याख्यानं दिलेल्या त्या माणसाला लेकरू धरता येत नव्हतं. सांडशी नसताना गरम पातेलं धरावं तसे दोन्ही हात ताठ पुढे. मुलीची मान मागे कलली. बायका हायहाय करायला लागल्या.

"आवो मान!" आडतवाले ओरडले आणि ताडकन उठले. "मान धरा की सर! हाडं न्हाईत अजून तिला!" ते तीन ढांगांत सरांपाशी आले. "ह्यो हात हितं. ह्यो खाली. आता छातीला लावा. घट. भिऊ नका, ती काय खात न्हाई तुमाला. मी पाच भावंडांत थोरला, माय कापूस येचायची अन् माज्या कडंवर एक अन् पाठीवर एक. ह्ये असं." त्यांनी सरांचं कोपर दाबून बसवलं. तेवढ्यात पाळण्यातल्या मुलाने टिपेचा सूर लावला, आणि आडतवाले वैतागून मुलाकडे वळले. "अन् तू काय बगत हुबारलायस? त्ये लेकरू काळंनिळं व्हायलंय, घे की त्याला!"

"पर दादा, तुमच्यापुढं..."

"घे म्हनलं ना!"

त्याने घेतलं. सराईतपणे, एका हाताने मान सावरत, दुसऱ्या हाताने झोळी खांद्यावर टाकत. आडतवाल्यांनी ते बघितलं, दोनदा मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "जमतंय की तुला." शुभा मटकन खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडली. मीही रडले. लाज कशाची.

सर तसेच उभे होते. मुलगी रडायची थांबली होती. तिने त्यांच्या सदऱ्याची गुंडी मुठीत पकडली होती. माणसाच्या तान्ह्या लेकराची मूठ इतकी घट्ट का असते, हे त्यांनी मला कितीतरी वेळा झाडावरच्या दिवसांपासून समजावलं होतं. त्या दिवशी ते नुसते त्या मुठीकडे बघत होते. घुगऱ्या वाटून झाल्या, नावं कानात सांगून झाली, जेवणं झाली, माणसं पांगली. सर हलले नाहीत, कुणी बसा म्हटलं तर बसलेही नाहीत.

शेवटी शुभा आली. "बाबा, द्या इकडं. भुकेली झालीय ती. तुमच्या टॅमरिनात दुधाला आईकडं देतेत ना?"

सरांनी कोपर किंचित वर घेतलं, आडतवाल्यांनी दाखवलं होतं तसं.

"थांब गं जरा," ते म्हणाले. "आत्ता कुठं जमायलंय."